दुपारी दोनचं प्रस्थान

गुरुवार, १३ नोव्हेंबर, मल्लेश्वरम

मुहूर्त मीच काढला. भटजी-बिटजी कुणी नाही. कुठंतरी खरं लिहिलेलं असावं म्हणून इथं लिहिते, बाकी सगळीकडे थापच मारली आहे.

विमान पुढच्या बुधवारी सकाळी आहे. पासपोर्ट, व्हिसा, जर्मनीच्या लॅबचं पत्र, सगळं महिन्यापासून बॅगेत आहे. बेंगळूरला माझं काडीचं काम नाही. तरी आज दुपारी दोन वाजता मी कोलारचं घर सोडलं आणि इथं मल्लेश्वरमला व्यंकोजीमामाकडे येऊन बसले, सहा दिवस आधी. मामा म्हणजे आईचा चुलतभाऊ. फोनवर म्हणाला, "ये की गं संयोगिता, वर्षभर राहा." त्याला वाटलं मला त्यांची आठवण आली.

बाबा होते तेव्हा लांबच्या प्रवासाला प्रस्थान ठेवायचे. निघायचा दिवस चांगला नसला की आधीच्या एखाद्या चांगल्या वेळेला मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि रुपया फडक्यात बांधायचा आणि ते गाठोडं दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे तुम्ही निघालात असं धरायचं. खरं निघताना ते तिथून उचलायचं. वीस वर्षांत मला त्याची आठवण झाली नव्हती, पण पळायचं म्हटल्यावर बरोबर झाली.

चंदनाला म्हटलं, भटजी म्हणतात बुधवार चांगला नाही, गुरुवारी दोनला प्रस्थान ठेवा. चंदना माझी धाकटी बहीण. आता आईजवळ तीच राहणार. शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिला काहीही सहजासहजी पटत नाही.

"अगं अक्का, गाठोडं तेवढं दुसरीकडे ठेवायचं असतं. माणूस घरीच राहतो की! पुढच्या गल्लीत ठेव आणि बुधवारपर्यंत इथंच राहा."

"परदेशाचं वेगळं असतं," मी म्हटलं. "समुद्र ओलांडायचा तर माणसानंही परत उंबरा चढायचा नाही."

कुठून सुचलं देव जाणे. चंदना माझ्याकडे बघत राहिली, मग कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणाली आणि वह्या तपासायला बसली.

दोनच का, तर आई दीड ते साडेतीन झोपते म्हणून. आईला दीड वर्षापासून विसरायचा आजार आहे. जेवली की नाही ते आठवत नाही, बाबा कुठं गेले म्हणून विचारते. पण काल गाठोडं बांधायचं म्हटल्यावर तिनं माझ्या हातातून फडकं ओढून घेतलं. तांदूळ, सुपारी, हळकुंड, रुपया, एक वस्तू चुकली नाही. गाठही अशी मारली की मला सुटणार नाही.

आज निघताना तिच्या खोलीत डोकावले. भिंतीकडे तोंड करून झोपली होती. गाल भरलेले दिसले, म्हणजे कवळी तोंडातच. एरवी आडवी होण्याआधी ती कवळी काढून वाटीत पाण्यात टाकते, कधी म्हणजे कधी चुकत नाही. ती कवळी मीच केलेली आहे, कामाला लागले त्याच वर्षी. चौदा वर्षं मी दातांच्या लॅबमध्ये हेच करते, जर्मनीलाही हेच करणार. आज वाटी कोरडी होती. आता हेही विसरायला लागली. चंदनाला सांगायला हवं, झोपेत घशात गेली तर पंचाईत.

पाया पडले नाही, ती जागी होईल म्हणून. म्हणजे तिला झोप हवी होती असं नाही. जागी झाली असती तर विचारलं असतं, कुठं चाललीस.

इथं पोचल्यावर गोजरामामीनं पाणी दिलं आणि विचारलं, "घरून किती वाजता निघालीस?"

"दोनला. मुहूर्त होता."

मामीनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "आज? दोनला?"

"हो."

"सरी, बिडु," म्हणाली. "सोड ते. हातपाय धू, जेवू या." मग गाठोडं देवघरात ठेवून आली. ठेवताना उगाच जास्त वेळ हात जोडून उभी होती. बाई फार चांगली आहे, पण भाविक.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मामाचं चिकपेटेत अस्तराच्या कापडाचं दुकान आहे. तिथं माझ्यासाठी लोकरीचं काहीतरी बघून ठेवलं होतं म्हणून मामीबरोबर निघाले. साडेदहाला तयार झाले तर मामी हलेना.

"साडेदहा ते बारा राहुकाळ. बारा वाजू दे, मग जाऊ."

दीड तास! या गावात माणसं रॉकेट बनवतात आणि राहुकाळ संपायची वाट बघत चपला घालून दाराशी बसतात. मी चडफडत वर्तमानपत्रातली थंडीत घ्यायची काळजी वाचली. मामीनं तेवढ्यात शेंगा फोडून ठेवल्या.

दुकानात मामानं शेजारच्या तीन दुकानदारांना बोलावून मला दाखवलं. "आमची संयोगिता! जर्मनीला चाललीय! तिकडच्या लोकांना दात बसवणार!" तिघांनीही हसून आपापले दात दाखवले. मग मामानं एकदम आवाज खाली आणून विचारलं, "निघताना आई काय म्हणाली गं?"

मला साधं "झोपली होती" म्हणता आलं नाही.

"डोक्यावर हात ठेवला," मी म्हटलं. "सुखी राहा म्हणाली."

मामाचे डोळे भरून आले. म्हणाला, "बघ, बाकी सगळं विसरली पण हे नाही विसरली." स्वेटर त्यानं स्वतः घडी घालून दिला. न मिळालेला आशीर्वाद मी भर बाजारात दाखवत हिंडले. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि तरी येताना मामीबरोबर निवांत डोसा खाल्ला.

रविवार, १६ नोव्हेंबर

काल काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं, पण माझी हिंमत नव्हती.

आज सकाळी चंदनाचा फोन. फोन उचलताच सुरू झाली, "अक्का, आई घरात केर काढू देत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! गुरुवारपासून केरसुणी मांडीवर घेऊन दारात खुर्ची टाकून बसते. माणूस प्रवासाला गेलं की लगेच केर काढत नाहीत म्हणे. मी म्हटलं, चार दिवस झाले आता. तर म्हणते, ती सुटली कुठं अजून? बेंगळूरलाच तर आहे. विमान उडू दे, मग काढ."

मला हसू आलं. आईला आजचा वार सांगता येत नाही, पण मी बेंगळूरला आहे आणि विमान उडायचं आहे हे बरोबर धरून बसलीय. या आजाराचं काही कळतच नाही, कुठं काय अडकून बसेल ते.

"हस तू तिथं," चंदना म्हणाली. "इथं पायाखाली कचकच होतेय. कामवाली म्हणते, मी येऊन करू काय, नुसती बघत बसू?" मग म्हणाली, "एक विचारू? तिच्या दंडावरचं ते काळंनिळं अजून गेलं नाही. नेमकी पडली कशी गं?"

"मोरीत घसरली. सांगितलं ना."

"हं. तेल लावते," म्हणाली बिचारी.

आई पडली नाही.

मंगळवारी मी बॅग भरत होते. आई समोर बसून मी ठेवलेला एकेक कपडा बाहेर काढून घडी मोडत होती आणि विचारत होती, "कुठं चाललीस?" मी सांगायची, जर्मनीला, नोकरीला. ती रडायची. नुसतं डोळ्यांत पाणी नाही, पहिल्यांदाच कळावं तशी हंबरून रडायची. पाच मिनिटांत विसरायची आणि परत, "कुठं चाललीस गं?" महिनाभर हेच चाललं होतं. मी तिला दिवसातून वीस-वीस वेळा सोडून जात होते. एकदा सांगितलं, कुठंच नाही, दुकानात चाललेय. तर म्हणाली, मग एवढी मोठी बॅग कशाला?

त्या दिवशी ती स्वेटर काढायला लागली आणि माझं डोकं फिरलं. मी तिचा दंड धरून तिला उचललं आणि खुर्चीत आदळलं. "कितीदा सांगू? कितीदा सांगू तुला?" शेजारी ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले.

ती रडली नाही. माझ्याकडे बघून तिनं दोन्ही हात जोडले. "नको बाई," म्हणाली. मला. बाई!

रात्री चंदनाला दंड दिसला तेव्हा मी म्हटलं, मोरीत घसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुहूर्त काढला. तिच्यासमोर आणखी सात दिवस वावरायची ताकद माझ्यात नव्हती, आणि आणखी एकदा हात उठला तर काय, याची भीती होती. दुसरं कारण मोठं होतं असं लिहावंसं वाटतंय, पण पहिलंच मोठं होतं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

इथं देवळापाशी शेंगांची जत्रा भरलीय, मामी मला घेऊन गेली. रस्ताभर शेंगांचे ढीग. कोलारच्या बाजूच्या एक बाई विकायला बसल्या होत्या. मी कोलारची म्हटल्यावर मूठभर जास्त घातल्या आणि म्हणाल्या, "दोन तासांचं तर आहे आपलं गाव, शेंगा संपल्या की संध्याकाळी घरी."

दोन तास. मला ठाऊक नाही का! मॅजेस्टिकच्या स्टँडवरून दर अर्ध्या तासाला बस आहे.

परतताना मामी म्हणाली, "उद्या जाऊन ये की घरी."

"प्रस्थान ठेवलंय ना मामी."

"गाठोडं इथं देवघरात आहे, ते कुठं जात नाही. तू उंबरा चढू नकोस, बाहेरूनच भेट म्हणजे झालं. आणि मुहूर्ताचं म्हणशील तर..." एवढं बोलून ती शेंगा निवडायला लागली. मुहूर्ताचं काय, ते बोललीच नाही. मामीला संशय आलाय की काय? पण तोंडावर तर काही दिसत नाही.

जाऊ का? आई मला बघून परत हात जोडेल. मला तेवढीच भीती आहे. तिनं ओळखलं नाही तर चालेल, पण हात नको जोडू दे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर, परतीच्या बसमध्ये

बस होसकोट्याच्या पुढं अडकून पडलीय म्हणून लिहिते. अक्षर कसंही येतंय.

गेले. चंदनाला न सांगता. ती शाळेत असणार हे बघूनच गेले, म्हणजे तिथंही चोरासारखीच. साडेअकराला फाटकात पोचले. आई दारात खुर्चीवर, केरसुणी मांडीवर आडवी. मागं घरात शेंगांची टरफलं, केसांचे गुंते, सगळं फाटकातूनच दिसत होतं. एवढी टापटिपीची बाई.

मी म्हटलं, "आई."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "कोण पाहिजे बाई? आत नका येऊ, घरात केर आहे. तिथं पायरीवर बसा."

ओळखलं नाही. आठवडाभरातच मी तिच्या आठवणीतून गेले. मनात म्हटलं, हेच पाहिजे होतं ना तुला, घे. पायरीवर बसले. तिनं हात जोडले नाहीत, तेवढं बरं झालं.

"बेंगळूरहून आलात?"

"हो."

"माझी थोरली आहे तिथं. परदेशी चाललीय. दात करते ती. हे बघा." तिनं ओठ ताणून कवळी दाखवली. "पंधरा वर्षं हलली नाही."

चौदा, मी मनातच दुरुस्त केलं. चंदना शाळेत असताना सोबतीला येणारी बाई आत डाळ निवडत होती. आई तिला हाक न मारता स्वतः उठली, केरसुणी काखेत धरूनच आत गेली आणि कॉफी करून आणली. साखर घालायला विसरली होती. एरवी पाहुण्यांना दोन-दोन चमचे घालते, गोडमिट्ट करते. मी बिनसाखरेचीच पिते म्हणून चाललं.

"कधी निघाली तुमची मुलगी?" मीच विचारलं. मला काय बुद्धी झाली कोण जाणे.

"गुरुवारी, दोनला." आई हसली. "म्हणे भटजींनी मुहूर्त दिला. गुरुवारी दीड ते तीन राहुकाळ, शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कुठला भटजी देईल? तिचं तिनंच ठरवलं."

माझ्या हातात कॉफीचा पेला तसाच राहिला. कॅलेंडर. मामी. चंदनाचं ते "सरी". अख्ख्या खानदानाला माहीत होतं आणि मी मोठी हुशार!

"मग तुम्ही तिला अडवलं नाही?"

"अडवून काय! दमली होती पोर. मी तिकडे तोंड करून डोळे मिटून पडले. उठले असते तर रडले असते. रडले असते तर ती राहिली असती."

म्हणजे झोपली नव्हती. कवळी तोंडात होती ती विसरली म्हणून नव्हे. मी दारात उभी होते, पाया पडू की नको करत, आणि ती भिंतीकडे बघत माझ्या जाण्याची वाट पाहत होती.

मी म्हटलं, "ती फार वाईट वागली तुमच्याशी. तिनंच सांगितलं मला. दंडाला..."

"हां, धरला दंड." तिनं बाही वर करून बघितली, कुणा दुसऱ्याचा हात असल्यासारखी, आणि खाली केली. "मी काय तिला कमी बदडलंय? शाळा बुडवली म्हणून उलथन्यानं मारली होती, दोन दिवस बसता येत नव्हतं तिला. तेवढ्यावरून आईला तोंड दाखवायचं सोडतं का कुणी?"

पदर नव्हता म्हणून मी ओढणी तोंडात धरली.

"केर तेवढा ठेवलाय," ती केरसुणीवरून हात फिरवत म्हणाली. "भलत्या वेळेला निघाली. निदान माझ्याकडून काही वाईट नको लागायला. सुखरूप उडू दे एकदा." थोड्या वेळानं परत तेच म्हणाली, अगदी त्याच शब्दांत, आणि परत विचारलं, "बेंगळूरहून आलात?"

मी हो म्हटलं. तीनदा विचारलं, तीनदा हो म्हटलं. मला राग आला नाही. एवढंच आधी जमलं असतं तर!

जेवणही तिनं पायरीवरच वाढायला लावलं. अडीच वाजता म्हणाली, "निघा आता. आज तीनला राहुकाळ लागतो, त्याच्या आत फाटकाबाहेर पडा." मी म्हटलं, तुमच्या मुलीनं तुमच्या पाया पडायला सांगितलंय. ती खुर्ची ओढत उंबऱ्याच्या अगदी काठाशी आली आणि पाय बाहेर काढून ठेवले. मी पायरीवरून डोकं टेकवलं. डोक्यावर हात आला.

"सुखी राहा म्हणावं तिला."

मामाला सांगितलेलं आता खरं झालं. पण ते कुणा परक्या बाईच्या हातून निरोप म्हणून आलं, मला मिळालं नाही. माझ्या कर्माची फळं, दुसरं काय.

बुधवार, १९ नोव्हेंबर, विमानतळ

मामा-मामी सोडायला आले होते. घरून निघताना मामीनं हातावर दही घातलं आणि गाठोडं देवघरातून आणून दिलं. मी म्हटलं, "मामी, गुरुवारी राहुकाळ होता." ती म्हणाली, "हो, ठाऊक आहे. म्हणून तर देवाजवळ ठेवलं." आणि माझा स्वेटर ओढून सारखा केला.

सगळ्या तपासण्या पार करून बसले तोच चंदनाचा फोन.

"काल तू कोलारला आली होतीस?"

"तुला कुणी सांगितलं?"

"आईनं. मी शाळेतून आले तर म्हणाली, अक्का येऊन गेली. पायरीवरच बसवली तिला, उंबरा चढू दिला नाही. प्रस्थान मोडू दिलं नाही म्हणाली. एवढी खूश होती!"

मी म्हटलं, "चंदना, तिनं मला ओळखलं नव्हतं. बाई बाई म्हणत होती."

"तेच मी विचारलं, ओळखलंस का तिला? तर माझ्यावरच चिडली. म्हणाली, बिनसाखरेची कॉफी दिली की! अजून काय करू?"

समोर काचेपलीकडे विमानात सामान चढवत होते. मी इतक्या माणसांत भोकाड पसरून रडले. शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली. दोन्ही वेळा तिनं सोंग घेतलं, झोपेचं आणि परकेपणाचं, आणि दोन्ही वेळा मला वाटलं, आईचा आजार वाढला.

मग मी चंदनाला दंडाचं सांगितलं. मोरीत पडली नव्हती, मी धरला होता, मी आदळलं. न थांबता सगळं सांगितलं.

"मी आत्ता काही बोलणार नाही," चंदना म्हणाली. "मला फार राग आलाय. पोच, मग बोलते."

"बोल. शिव्या घाल. मी फोन उचलेन."

"विमान कधी सुटतं? मी शाळेत उशिरा येते म्हणून कळवलंय. आई केरसुणी हातात घेऊन उभी आहे केव्हाची."

"दहा दहाला. सुटलं की मेसेज करते."

मागून आईचा आवाज आला. फोन कानाला लावला नाही तिनं, लांबूनच मोठ्यानं म्हणाली, "विसरू नको म्हणावं तिला. घरात पाय टाकवत नाही."